किंमत कोणत्या दिवसाची?

ज्या मुलखात राहून आम्ही हे सदर लिहितो, त्या मुलखाचीच एकदा किंमत ठरली होती. १७७९ च्या डिसेंबरात पुणे दरबाराने पोर्तुगीजांशी तह केला आणि मराठी आरमाराकडून झालेल्या त्यांच्या एका जहाजाच्या हानीची भरपाई म्हणून वार्षिक बारा हजार रुपये वसुलाची गावे त्यांस लावून देण्याचे मान्य केले. त्याप्रमाणे १७८३ साली नगरहवेलीची आणि १७८५ साली दादऱ्याची गावे त्यांच्याकडे गेली. पावणेदोनशे वर्षांनी पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, पेशव्यांच्या सनदांनी दिला तो केवळ वसुलाचा हक्क, मुलखाचे स्वामित्व नव्हे; ते स्वामित्व पुढे इंग्रजांनी मुकाट्याने मान्य केल्यामुळे पोर्तुगीजांस मिळाले. १९५४ साली हा प्रदेश मुक्त झाला व ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतात विलीन झाला. गावे तीच, शिवार तेच. पण ‘हा मुलूख कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर १७८३ साली एक, १९५३ साली दुसरे आणि १९५४ साली तिसरे.

मुलखाच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांस चटकन पटते. घराच्या बाबतीत मात्र भले भले शहाणे लोक ‘घराची किंमत किती?’ एवढेच विचारतात आणि आकडा ऐकून स्वस्थ होतात. मराठीच्या तासाला आम्ही मुलांस सांगत असतो की क्रियापदाला काळ असतो, नामाला नसतो. किंमत हे नाम या नियमाला अपवाद मानावे लागेल. तारखेवाचून सांगितलेली किंमत म्हणजे काळ गाळून लिहिलेले वाक्य होय. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर दोन-दोन, तीन-तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांस ही गोष्ट अधिकच लागू आहे. कारण आपल्यापैकी अनेकांचे वडिलोपार्जित घर तिकडे घाटावर किंवा कोकणात असते, वारस चार गावी पांगलेले असतात, आणि घराचा प्रश्न निघतो तो वीस-पंचवीस वर्षांनी, बहुधा एखाद्या लग्नाच्या वा दिवसकार्याच्या निमित्ताने सगळे जमले म्हणजे.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकीकत नावगाव गाळून सांगतो. वडिलांनी घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी चार खणांचे कौलारू घर बांधलेले. मुले तीन. थोरले चिरंजीव कारखान्याच्या नोकरीनिमित्त इकडे सिल्वासात स्थायिक झाले, आक्का लग्न होऊन बडोद्यास गेल्या, धाकटे आईपाशी राहिले. २००६ साली आईचे वर्षश्राद्ध झाले, त्या दिवशी तिघांनी ठरविले की घर धाकट्याने ठेवावे आणि दोघांस त्यांच्या हिश्शाची किंमत द्यावी. “जमेल तसे देतो, दादा,” धाकटा म्हणाला. “दे रे, घाई कोणाला आहे!” थोरले म्हणाले. शाळेच्या वहीतला कागद फाडून त्यावर तिघांनी सह्या केल्या. त्या कागदावर आकडा नव्हता आणि किंमत कोणत्या दिवशीची धरावी हेही नव्हते. भावाभावांत कसले आकडे, अशी त्या वेळची भावना. ती चुकीची होती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

पंधरा वर्षे गेली. मधल्या काळात गावाबाहेरून मोठा रस्ता निघाला आणि त्या बाजूच्या जागांस भाव आला. धाकट्याने कौले उतरवून स्लॅब टाकला, बोअर घेतली, पुढच्या अंगास दोन गाळे काढले. २०२१ साली त्याचा मुलगा नोकरीस लागला, बँकेचे कर्ज मिळण्याजोगे झाले, आणि त्याने आपण होऊन पत्र पाठविले: दादा, आक्का, तुमचा हिस्सा आता देतो. पत्र वाचून थोरल्यांचे डोळे भरून आले होते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. महिन्याभरात तेच दोघे भाऊ एकमेकांशी फोनवर बोलेनासे झाले.

धाकट्याचे म्हणणे : “२००६ ला ठरले, तर किंमत २००६ चीच.” थोरल्यांचे म्हणणे : “पैसे आज हातात पडणार, तर किंमतही आजची.” आक्का दोघांच्या मध्ये. त्या एवढेच म्हणत, “मला जास्त नको, पण कमी का, ते मला कोणीतरी समजावून सांगा.” शेवटी सरकारमान्य व्हॅल्युअरला बोलावले. तो भला गृहस्थ दारात उभा राहून पहिला प्रश्न विचारता झाला, “कोणत्या तारखेची किंमत काढू?” तिघेही एकमेकांकडे पाहू लागले. त्याने मग तीन आकडे दिले. २००६ साली घर जसे होते तसे, त्या वेळच्या भावाने : नऊ लाख. २०२१ साली घर जसे उभे आहे तसे : बेचाळीस लाख. आणि २०२१ चा भाव, परंतु स्लॅब, बोअर, गाळे वजा जाता जुने घर धरून : चौतीस लाख. तिन्ही आकडे खरे होते आणि भांडण मिटत नव्हते ते त्यामुळेच. एखादा आकडा खोटा असता, तर तो खोडून मोकळे होता आले असते.

येथे थांबून, मागल्या तारखेची किंमत काढतात तरी कशी, हे थोडे सांगितले पाहिजे. कारण पुष्कळांचा समज असा की आजच्या किमतीतून अंदाजाने काही वजा केले म्हणजे झाले. तसे नाही. व्हॅल्युअरच्या अहवालात तीन तारखा असतात : पाहणीची, अहवालाची आणि मूल्यांकनाची. पहिल्या दोन आजच्या असू शकतात. तिसरी वीस वर्षांपूर्वीचीही असू शकते, आणि सारा अहवाल त्या तिसरीच्या आधीन असतो. व्हॅल्युअरने त्या दिवशी उभे राहिल्याप्रमाणे पाहावयाचे. त्या सुमारास शेजारपाजारच्या मिळकतींची खरेदीखते किती रकमेची झाली, हे दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील सूची क्रमांक २ वरून कळते. त्या वर्षीचे सरकारी बाजारमूल्य तक्ते असतात. इमारतीचा तेव्हाचा बांधकाम खर्च घेऊन तिच्या वयाप्रमाणे घसारा वजा करावयाचा. आणि मुख्य बंधन असे की, त्या दिवशी जे कोणास ठाऊक नव्हते ते त्याने जमेस धरावयाचे नाही. २००६ साली मोठ्या रस्त्याची वार्ताही नव्हती. तेव्हा २००६ च्या किमतीत त्या रस्त्याचा एक पैसाही येता कामा नये. त्याचप्रमाणे, पुढे टाकलेला स्लॅब मागल्या तारखेच्या घरावर चढविता येत नाही. इतिहास लिहिणाऱ्यांसही हाच संयम पाळावा लागतो, आणि तो सर्वांस साधत नाही, हे आम्ही सांगावयास नको.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८९३ चा वाटणीचा एक कायदा आहे. घराचे तुकडे करणे शक्य नसेल आणि एका हिस्सेदाराने कोर्टास घर विकून पैसे वाटून द्यावे अशी विनंती केली, तर दुसऱ्या हिस्सेदारास त्याचा हिस्सा मूल्यांकनाने विकत घेण्याचा हक्क त्या कायद्याने दिला आहे. मूल्यांकन कोणत्या दिवशीचे, हे मात्र कायद्यात स्पष्ट नाही. मुंबईच्या एका कुटुंबाचा याच मुद्द्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा निर्णय १९९१ च्या निर्णयसंग्रहांत सापडतो. न्यायालयाने सांगितले की, हिस्सा विकत घेण्याचा हक्क ज्या वेळी उत्पन्न झाला त्या वेळची किंमत धरावी. म्हणजे एकाने विक्री मागितली आणि दुसऱ्याने ‘मी घेतो’ म्हटले, की काटा तेथे थांबला. त्यानंतर दावा रेंगाळला आणि भाव चढले, तरी ती वाढ हिशेबात यावयाची नाही.

हा निर्णय कोर्टातल्या वाटणीपुरता आहे. घरच्या घरी झालेल्या कराराचा अर्थ त्या करारातल्या शब्दांवरून लावतात, आणि वहीच्या त्या कागदावर शब्दच नव्हते. तरीही आमचे मत विचाराल तर तारखेच्या बाबतीत थोरल्यांचे म्हणणे न्याय्य होते आणि घराच्या अवस्थेच्या बाबतीत धाकट्याचे. २००६ साली धाकट्याने पैसे दिले नाहीत, देण्याची मुदतही स्वीकारली नाही. भाव पडते तर ‘मला घर नको’ म्हणण्यास तो मोकळा होता. ज्याने पडण्याचा धोका पत्करला नाही, त्याने जुन्या भावाचा लाभ मागणे बरे नव्हे. उलट स्लॅबचा खर्च त्याने आपल्या खिशातून केला. त्याच्यापायी वाढलेल्या किमतीत भावाबहिणीने वाटा मागणे, हेही बरे नव्हे. आक्कांनी एक तिसरी वाट सुचविली होती : २००६ ची किंमत धरा आणि तिच्यावर सरळ व्याज द्या. नऊ लाखांचा तिसरा हिस्सा तीन लाख, त्यावर पंधरा वर्षांचे द.सा.द.शे. आठ टक्क्यांनी तीन लाख साठ हजार. एकूण सहा लाख साठ हजार. चौतीस लाखांचा तिसरा हिस्सा होतो अकरा लाख तेहेतीस हजारांच्या आसपास. जमिनीने व्याजाला किती मागे टाकले, हे या दोन आकड्यांवरून दिसते. अखेरीस तिघांनी चौतीस लाखांचा आकडा मान्य केला. धाकट्याने दोन हप्त्यांत पैसे पोहोचविले. बोलणेही पुन्हा सुरू झाले आहे, पण पूर्वीसारखे मोकळे नाही.

वरच्या उदाहरणात तारीख घरच्यांनीच ठरवावयाची होती. घर बाहेरच्यास विकावयाचे म्हटले की काही तारखा सरकार ठरवून देते, आणि त्या माहीत नसल्या तर पैशाचे नुकसान होते.

पहिली तारीख आयकराची. जुने घर विकून होणाऱ्या नफ्यावर कर पडतो. पण आजोबांनी १९५८ साली बांधलेल्या घराची मूळ किंमत धरली तर सारी विक्रीच नफा ठरेल. म्हणून कायद्याने एक आधारदिन दिला आहे, त्या दिवशीची बाजारभावाची किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते. हा दिवस सरकत आला आहे : आरंभी १९५४ चा, मग १९६४, १९७४, १९८१ असा, आणि २०१७ च्या दुरुस्तीने तो १ एप्रिल २००१ झाला. घर वारशाने आले असेल तर वडिलांची किंवा आजोबांची खरेदी आपली समजली जाते, त्यामुळे ही सवलत वारसांसही मिळते. २०२० च्या दुरुस्तीने एक मर्यादा घातली : मुद्रांकासाठी सरकारने त्या दिवशी धरलेली किंमत उपलब्ध असेल, तर तिच्यापेक्षा अधिक दाखविता येत नाही.

२००१ चा आकडा किती महत्त्वाचा आहे ते पाहा. समजा, जुने घर २०२४-२५ साली, २३ जुलै २०२४ नंतर, चाळीस लाखांस विकले. त्या दिवसापासून महागाईच्या निर्देशांकाची सूट न घेता साडेबारा टक्के कर असा नवा नियम आला. त्यापूर्वी घेतलेल्या जमीन-घरासाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तीस आणि अविभक्त हिंदू कुटुंबास निर्देशांकासह वीस टक्क्यांच्या जुन्या हिशेबाचा पर्याय ठेवला. २००१ ची किंमत चार लाख ठरली, तर नव्या रीतीने कर साडेचार लाख, जुन्या रीतीने (निर्देशांक १०० चा ३६३ झाला होता) पाच लाख दहा हजारांच्या जवळ. तीच २००१ ची किंमत आठ लाख ठरली, तर नव्या रीतीने चार लाख आणि जुन्या रीतीने केवळ दोन लाख एकोणीस हजार. उपकर वेगळा. म्हणजे कोणती रीत स्वस्त, हेसुद्धा चोवीस वर्षांपूर्वीच्या एका दिवसावर अवलंबून. अंदाजाने चार लाख लिहून देणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. व्हॅल्युअरची फी वाचली म्हणून ते खूश असतात.

दुसरी तारीख मुद्रांकाची. महाराष्ट्रात ज्याला लोक रेडी रेकनर म्हणतात ते बाजारमूल्य दरांचे तक्ते पूर्वी १ जानेवारीस बदलत. २०१६ पासून १ एप्रिल ही तारीख आली. काही वर्षी दर वाढतात, काही वर्षी तसेच राहतात. शुल्क लागते ते दस्तावर सह्या होण्याच्या दिवशीच्या दराने. नोंदणीसाठी १९०८ च्या नोंदणी कायद्याने पुढे चार महिन्यांची मुदत दिली आहे. मार्चअखेरीस शुल्क भरून, सह्या करून ठेवणाऱ्यांची झुंबड उडते ती यामुळे. बाहेरगावी राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पाडव्याच्या मुहूर्तासाठी दस्त थांबविणाऱ्या एका स्नेह्यांस तो मुहूर्त महाग पडला. विसारपत्र आणि खरेदीखत यांत अंतर पडले, तर विक्रेत्याच्या आयकरासाठी विसारपत्राच्या दिवशीची सरकारी किंमत धरण्याची सोयही २०१६ च्या दुरुस्तीने झाली. अट एवढीच की काही रक्कम त्या दिवशी किंवा आधी चेकने वा बँकेमार्फत मिळालेली असावी. रोख विसार घेणाऱ्यास ही सोय नाही.

तिसरी तारीख भूसंपादनाची, आणि ती आमच्या मुलखात घरोघर ठाऊक आहे. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा मार्ग ५०८ किलोमीटरचा. त्यातले जेमतेम चार आमच्या प्रदेशातून जातात. जमीन गेली की किंमत कोणत्या दिवसाची? १८९४ च्या कायद्यात ती चौथ्या कलमाच्या अधिसूचनेच्या दिवसाची असे, २०१३ च्या कायद्यात अकराव्या कलमाच्या. कारण उघड आहे : प्रकल्प येणार म्हटल्याबरोबर भाव चढतात, आणि ती चढ सरकारने का द्यावी? पण जुन्या कायद्याखाली अधिसूचना आज आणि निवाडा वर्षानुवर्षे लांबणीवर, असे होई, आणि शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पैशात शेजारच्या गावी निम्मी जमीनही येत नसे. १९८४ च्या दुरुस्तीने मधल्या काळासाठी वार्षिक बारा टक्के वाढ दिली. २०१३ च्या कायद्याने ती ठेवून वर शंभर टक्के दिलासा रक्कम घातली आणि अधिसूचनेनंतर बारा महिन्यांत पुढची घोषणा न झाल्यास ती अधिसूचना रद्द समजावी असे सांगितले. काटा थांबवावयाचा तर तो किती काळ थांबवावयाचा हेही सांगितले पाहिजे, हे आपल्या कायद्याला कळावयास पुष्कळ वर्षे लागली.

काटा थांबवून विसरून गेले म्हणजे काय होते, याचे उदाहरण मुंबईकर आप्त असलेल्या प्रत्येक वाचकाच्या पाहण्यात असेल. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने, त्या वेळी भाड्याने दिलेल्या जागांचे प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते तेच ठरविले. महायुद्धाच्या महागाईत भाडेकरूस आधार देणे योग्यच होते. पण युद्ध संपले, पिढ्या बदलल्या आणि गिरगाव-परळच्या चाळींत भाडे १९४० चेच राहिले. जागेची खरी किंमत मग पागडीच्या वाटेने हात बदलू लागली, आणि त्या भाड्यात मालकाने जिन्याचा कठडा तरी कशाने बदलावा? डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, काळ लोटल्यामुळे ही गोठवलेली तरतूद आता वाजवी राहिलेली नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. साठ वर्षे लोटल्यावर चार टक्क्यांनी फारसे काही भरून येत नाही, ही गोष्ट वेगळी.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. इंग्लंडात घरपट्टीसारखा जो कर आहे, त्यासाठी घराची श्रेणी १ एप्रिल १९९१ च्या किमतीवरून लावतात. गेल्या वर्षी बांधलेले घरही १९९१ साली असते तर किती किमतीचे असते, अशी कल्पना करून! अमेरिकेने अधिक व्यवहारी मार्ग काढला. १९२९ च्या कोसळीत मृत्यूदिनाच्या किमतीवर वारसाकर भरता भरता वारस भिकेला लागण्याची वेळ आली, तेव्हा १९३५ च्या कायद्याने त्यांस एक वर्षानंतरची किंमत निवडण्याची मुभा दिली. पुढे ती मुदत सहा महिन्यांवर आणली.

तेव्हा ज्यांच्या घरी वाटणीचे बोलणे चालू आहे त्यांनी कागदावर काय लिहावे, ते सांगतो. किंमत अमुक तारखेची धरावी. घर त्या तारखेस ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेतले धरावे. पुढील दुरुस्तीचा खर्च व लाभ करणाऱ्याचा. व्हॅल्युअर सर्वांनी मिळून नेमावा, फी सर्वांनी वाटून द्यावी. पैसे अमुक महिन्यांत द्यावे. न दिल्यास इतके व्याज, आणि इतक्या काळापलीकडे गेल्यास नवे मूल्यांकन. ही शेवटची ओळ लिहिताना घरात थोडी शांतता पसरते, तरी ती लिहावी. वाटणीपत्र असो की हक्कसोडपत्र, ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. वहीच्या पानावर भिस्त ठेवू नये.

आणि २००१ ची किंमत ज्यांना आज ना उद्या लागणार आहे, त्यांनी पुरावे आताच गोळा करावे. त्या सुमाराच्या घरपट्टीच्या पावत्या, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, शहरात असेल तर मिळकतपत्रिका, वीजबिल, शेजारच्या विक्रीच्या दस्तांच्या नकला. ट्रंकेतले जुने फोटोही टाकू नयेत. कोणाच्या मुंजीच्या फोटोत मुंडावळ्यांच्या मागे ओसरी, खांब आणि कौले दिसत असतात, आणि फोटोच्या पाठीवर मामांच्या अक्षरात तारीख लिहिलेली असते.